कागदाचा आज

काळाला ज्यानं कप्प्यांत बसवलं त्यानं जग जिंकलं, हे वाक्य शशिकांत नेरूरकरांना सकाळी दात घासताना सुचलं, आणि चूळ भरेपर्यंत ते त्यांना इतकं आवडलं की तोंड पुसत पुसत ते हॉलमधल्या टेबलाकडे आले ते जग जिंकल्यासारखेच — तर तिथे, लॅपटॉपच्या उजव्या अंगाला, जिथे काल झोपायला जाईपर्यंत काही नव्हतं तिथे, एक डबी. निळी, पारदर्शक, वीतभर लांब, सात झाकणांची. प्रत्येक झाकणावर एकेक इंग्रजी अक्षर. म्हणजे काळाला कुणीतरी त्यांच्या आधीच कप्प्यांत बसवलं होतं, आणि तेही गोळ्या ठेवायला.

त्यांनी डबीला हात लावला नाही. हात लावला की आपण ती पाहिली हे सिद्ध होणार, आणि पाहिली हे सिद्ध झालं की कुणीतरी आतून विचारणार, कशी वाटली?... ते नुसते वाकून बघत राहिले. एस, एम, टी, डब्ल्यू, टी, एफ, एस. दोन टी, दोन एस. आता ज्याला वार कळतो त्याला या डबीची गरज नाही, आणि ज्याला कळत नाही त्यानं मंगळवारचा टी कुठला नि गुरुवारचा कुठला हे विचारायला जायचं कुणाकडे? पण मुद्दा डबी काढणाऱ्याच्या अकलेचा नव्हता. मुद्दा ती कुणी आणली, कुणासाठी आणली आणि नेमकी आत्ता का आणली, हा होता.

कुणी आणली — सुनेनं, संपदानं. घरात औषधांच्या दुकानाची पायरी तीच चढते. कुणासाठी — हे काय विचारणं झालं? लॅपटॉपशेजारी ठेवलेली वस्तू लॅपटॉपवाल्याची. आणि आत्ता का — तर गुरुवारमुळे. त्या एका गुरुवारमुळे, जो मुळात गुरुवार नव्हताच.

हे सगळं नीट मांडून सांगितलं असतं तर कुणालाही पटलं असतं. पण घरात नीट मांडून ऐकायला कुणाला सवड होती?

शशिकांतरावांचं आयुष्य एका जहाज कंपनीच्या पत्रव्यवहार खात्यात गेलं. आपल्या गेल्या महिन्याच्या अमुक तारखेच्या पत्रास अनुसरून... असली इंग्रजी पत्रं त्यांनी इतकी लिहिली की निवृत्त झाल्यावर भाजीवाल्याशी बोलतानाही त्यांना आधी मागच्या भाजीचा संदर्भ द्यावासा वाटे. मग मुलगा म्हणाला, "बाबा, घरबसल्या काम आहे. तुमचं इंग्रजी चांगलं आहे, आणि तुमचा वेळही जाईल." अभिनवला त्यात विनोद दिसला नाही, त्याला फारसे विनोद दिसत नाहीत. काम होतं वेळेचंच. कंपनी इंग्रजी मजकूर पाठवी — पत्रं, तक्रारी, बातम्या, हॉटेलातल्या उशांबद्दलची गाऱ्हाणी — आणि त्यात जिथे जिथे काळ लपून बसला असेल तिथे तो हुडकून त्याला रंग लावायचा. तारीख असेल तर पिवळा, घड्याळातली वेळ असेल तर निळा, मुदत असेल तर हिरवा, आणि पुन्हा पुन्हा घडणारं काही असेल तर गुलाबी. 'नेक्स्ट फ्रायडे' पिवळा. 'हाफ पास्ट फोर' निळा. 'फॉर थ्री वीक्स' हिरवा. 'एव्हरी मॉर्निंग' गुलाबी. यावरून म्हणे एक यंत्र काळ ओळखायला शिकणार होतं. यंत्राला सगळं सांगावं लागतं — की 'मे' हा महिना असतो, पण हिशेब खात्यातल्या मे डिसूझा हा महिना नव्हे. की 'सेकंड फ्लोअर'वर राहणाऱ्याचा सेकंदाशी काही संबंध नसतो. आठ महिने हे चाललं होतं. मीरा रोडच्या पूनम सागर सोसायटीतल्या या तिसऱ्या मजल्यावर बसून आपण एका यंत्राला काल, आज आणि उद्या शिकवतो आहोत, हे त्यांचं लिफ्टमध्ये बऱ्याच जणांना सांगून झालं होतं.

आणि या कामाचा जो सगळ्यात मोठा नियम, तोच त्यांच्या मुळावर आला होता. नियम असा, की प्रत्येक कागदाला त्याचा स्वतःचा आज असतो. मजकुराच्या डोक्यावर तो लिहिल्याची तारीख दिलेली असते, आणि आतल्या 'यस्टरडे', 'टुमॉरो', 'थ्री डेज अगो' यांचा सगळा हिशेब त्या तारखेपासून करायचा. आपला आज त्यात मिसळायचा नाही. बाहेर जग बुडालं तरी आत कागदाचाच आज. शशिकांतराव म्हणायचे, कागदात उतरताना चपला बाहेर काढाव्या लागतात.

तर त्या दिवशी — गेल्या आठवड्यातल्या सोमवारी — ते सकाळपासून कॅनडातल्या एका बाईच्या कागदात होते. तिचं भांडी धुण्याचं यंत्र बंद पडलं होतं. दुरुस्तीचा माणूस काल येणार होता, आला नाही, आज येतो म्हणाला, आला नाही, आता परवा म्हणतोय... बाईचा आज गुरुवार होता. इतका संतापलेला गुरुवार शशिकांतरावांनी आयुष्यात पाहिला नव्हता. बाईच्या वतीनं त्यांचंही रक्त तापलं होतं. दिवाणावर अनसूयाबाई, त्यांची बायको, मटार सोलत बसल्या होत्या, दाराशी अभिनव बुटाच्या नाड्या बांधत होता, आणि स्वयंपाकघरातून संपदाचा आवाज आला, "आज वार काय आहे?"

"गुरुवार!" शशिकांतराव म्हणाले. नुसते म्हणाले असते तरी भागलं असतं. ते गरजले.

मटार सोलण्याचा आवाज थांबला. अभिनवनं नाडी अर्धवट सोडून वर पाहिलं.

"बाबा, आज सोमवार आहे."

"ते मला माहीत आहे. कागदात गुरुवार आहे."

"कुठल्या कागदात?"

"कॅनडातल्या."

माणूस खरं बोलतो तेव्हा इतका वेडा दिसू शकतो, हे शशिकांतरावांना त्या क्षणी कळलं. त्यांनी आणखी समजावलं असतं, पण मग त्या यंत्राचं आलं असतं, दुरुस्तीच्या माणसाचं आलं असतं, आणि घरात तर भांडी धुवायला बाई येते... संपदा दारात येऊन उभी होती. तिनं अभिनवकडे पाहिलं, अभिनवनं तिच्याकडे. आणि त्याच संध्याकाळी, टीव्हीकडे तोंड करून, जणू टीव्हीलाच सांगतोय अशा आवाजात अभिनव म्हणाला, "आपण या शनिवारी नको, पुढच्या शनिवारी एकदा डॉक्टरकडे जाऊन येऊ या. नुसतं रुटीन."

नुसतं रुटीन. दादालाही नुसतं रुटीनच नेलं होतं.

दादा — पंढरीनाथ, त्यांचा मोठा भाऊ — त्याचं सुरू झालं तेही वारापासूनच. माणसं आधी नावं विसरतात असं लोक म्हणतात; दादा नावं शेवटपर्यंत विसरला नाही, दिवस विसरला. आणि काय शिताफीनं लपवलं त्यानं! शशिकांत रविवारी गिरगावात जायचा, आणि खुर्चीत बसायच्या आत शाळेतल्या तपासनिसासारखा हसत विचारायचा, "काय दादा, आज काय वार?" आणि दादा म्हणायचा, "का, तुमच्या कंपनीत सांगत नाहीत का?" सगळे हसायचे. किंवा म्हणायचा, "ज्या दिवशी तू येतोस तो." पुन्हा हसायचे. दादा इतका विनोदी आहे हे आम्हाला त्याच्या सत्तराव्या वर्षी कळलं, आणि आम्ही खूश होतो... पुढे वहिनींनी त्याच्या शर्टाच्या खिशावर घरचा फोन नंबर शिवला. लाल दोऱ्यानं. शाळेच्या पोराच्या टोपीवर नाव असतं तसा. मग त्याचं एकट्यानं खाली जाणं बंद झालं, मग दाराला वरची कडी आली, मग गॅसच्या बटणांवर कसलीतरी टोपणं आली, आणि दादा शेवटी आपल्याच घरात पाहुण्यासारखा अंग चोरून बसू लागला.

मला तसं बसायचं नाही.

एवढंच होतं सगळं. शनिवार आणि त्यापलीकडचा तो लाल दोरा. त्यासाठी शशिकांतरावांनी रोज सकाळी अभ्यास सुरू केला होता. पेपर आला की बातम्या नंतर. आधी डोक्यावरचा वार, तारीख, तिथी. आज बुधवार. पौष. बुधवार, बुधवार, बुधवार — चहा पितानाही ते मनात घोकत होते, आणि कप खाली ठेवताना त्यांना शंका आली, की ज्याला बुधवार आहे हे माहीत असतं तो असा घोकतो का?

ते कामाला बसले. डबी त्यांनी कोपरानं, सहज लागल्यासारखी, दूर सारली. आजचा पहिला कागद कुठल्याशा क्लबच्या सभेचा होता, दोन वर्षांपूर्वीच्या एका शुक्रवारचा. चपला बाहेर काढून ते आत उतरले खरे, पण एक पाय बाहेरच ठेवला. आत शुक्रवार, बाहेर बुधवार. आत शुक्रवार, बाहेर बुधवार... असं करत त्यांनी अर्ध्या तासात चार ओळी रंगवल्या. तेवढ्यात फोन वाजला. कंपनीतली संचिता. गोड मुलगी, नातीच्या वयाची, सगळ्यांना सर म्हणते.

"सर, बिझी आहात का? एक छोटंसं विचारायचं होतं."

छोटंसं! मोठं काही असलं की हल्ली सगळे छोटंसं म्हणतात.

"सर, तुमच्या मागच्या लॉटमध्ये ना, दोन-तीन ठिकाणी 'टुडे' आहे तिथे तुम्ही आपली आजची तारीख टाकलीय. म्हणजे कागदाची नाही."

कागदातला आज घरात सांडला होता हे शशिकांतरावांना माहीत होतं. घरातला आज कागदात सांडलाय हे नवीन होतं. भिंत मग कुठे होती?

"सर, आहात ना?"

"आहे, आहे."

"टेन्शन घेऊ नका सर, सगळ्यांचंच होतं असं. पहिल्या महिन्यात तर सगळ्यांचंच."

"मला आठ महिने झाले."

"हो ना?" संचिता म्हणाली, आणि त्या 'हो ना'मध्ये जी थोडीशी फट होती तीत शशिकांतरावांना अभिनव बसलेला दिसला. हे काम अभिनवच्या मित्रानं मिळवून दिलं होतं. अभिनवनं मित्राला सांगितलं असणार, मित्रानं हिला — जरा लक्ष ठेव, बाबांचं थोडं... आणि मग हिला चुका दिसू लागल्या असणार. शोधल्यावर कुणाच्याही दिसतात. "तुला कुणी काही बोललं का?" ते म्हणाले.

"कशाबद्दल सर?"

"काही नाही. दुरुस्त करतो."

कंपनीनं दिलेल्या कामाच्या पुस्तिकेत एक नियम आहे. लिहिणाऱ्याच्या मनात काय असेल याचा अंदाज बांधू नये; जे लिहिलंय तेवढंच रंगवावं. चांगला नियम आहे. फक्त ज्यानं तो केला त्याला एकत्र कुटुंबात राहावं लागत नसणार.

कारण अनसूयाबाईंचं काय करायचं? त्या तर गेले काही दिवस उघड उघड परीक्षकाच्या खुर्चीत बसल्या होत्या. सुरुवात वारापासून झाली होती, पण आता त्यांनी अभ्यासक्रम वाढवला होता. "अहो, काल भाजी काय केली होती?" "गॅसवाला येऊन गेला ना?" "सान्वीचा वाढदिवस झाला की व्हायचाय?" सान्वी ही त्यांच्या मुलीची मुलगी, पुण्याला असते. प्रश्न वरवर साधे. पण विचारण्याची पद्धत! त्या कधी तोंडाकडे बघून विचारत नसत. पोळी लाटताना, कपड्यांच्या घड्या घालताना, पाठ करून विचारायच्या, आणि मग उत्तराची वाट बघत हात किंचित मंद करायच्या. हात मंद होतात, हे शशिकांतरावांनी बरोबर पकडलं होतं. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत बाईनं कधी विचारलं नाही काल भाजी काय होती. तीच करायची, तिला माहीत असायचं.

दुपारी जेवताना त्या म्हणाल्या, "आज गुरुवार ना?"

घास शशिकांतरावांच्या हातात राहिला. हा सापळा जुना आहे. चुकीचं उत्तर प्रश्नातच घालून पुढे करायचं आणि माणूस मान डोलावतो का बघायचं. डॉक्टर लोक हेच करतात. आणि मुद्दाम गुरुवार! सगळे वार सोडून गुरुवार!

"तुला काय वाटतं?" ते म्हणाले.

"मला काय वाटायचंय. विचारलं आपलं."

"मग वाटेल तो धर."

"अहो, सरळ सांगायला काय होतं?" अनसूयाबाईंचा आवाज जरा चढला, मग लगेच उतरला. "ताक घेता?"

त्या ताक वाढायला वळल्या आणि शशिकांतरावांनी मनात स्वतःला पैकीच्या पैकी दिले. 'तुला काय वाटतं' हे उत्तम उत्तर होतं. त्यात चूक सापडूच शकत नाही. दादानंसुद्धा... आणि घास तोंडाशी नेता नेता ते थांबले. हे दादाचंच उत्तर होतं. शब्द वेगळे, शिताफी तीच. पण मला माहीत होतं! बुधवार, मला माहीत होता, मी फक्त सांगितला नाही! — आणि दादालाही प्रत्येक वेळी असंच वाटत असलं तर? आपल्याला माहीत आहे, आपण फक्त सांगत नाही आहोत?

ताक आंबट होतं. ते तसं म्हणाले नाहीत. तेही कदाचित परीक्षेत असेल.

चारच्या सुमाराला त्यांनी सदरा चढवला. "खाली जाऊन येतो," ते जरा मोठ्यानं म्हणाले. एकटा माणूस एकटा खाली जाऊन एकटा वर येऊ शकतो, हे घराला दिसलं पाहिजे. अनसूयाबाई आतल्या खोलीत पडल्या होत्या; त्यांनी "हं" केलं.

गेटाबाहेर बाळाराम पाटलाचा गाळा. झेरॉक्स, वह्या, रिचार्ज, सकाळी दूध आणि दिवसभर दही. या सगळ्या बिल्डिंगी उभ्या राहिल्या त्या जमिनीत कधीकाळी बाळारामच्या घराण्याचं मीठ पिकायचं; आता त्या जागेत त्याचा हा एवढा गाळा आणि तोंड उरलं होतं. तोंड मात्र पूर्वीच्या जमिनीएवढं.

"काय नेरूरकर साहेब! आज खाली कसे? कॉम्प्युटर बंद हाय काय?"

"चालू आहे. दही द्या पाव किलो."

"दही?" बाळारामनं डोळे बारीक केले. "सकाळी वहिनी घेऊन गेल्या. काल बी नेलं. परवा बी. तुमच्या घरात काय दह्यानं लादी पुसतात?"

म्हणून ताक. बाळाराम काउंटरवर पुढे झुकला.

"खरं सांगू का साहेब? दह्याचं नुसतं नाव हाय. वहिनी येतात त्या मला वार इचारायला."

"काय विचारायला?"

"वार! बाळाराम, आज वार कंचा? रोज. मी म्हटलं, वहिनी, आख्ख्या मीरा रोडला टाइमचा धंदा करनारा एकच मानूस हाय, तो तुमच्या घरात बसलाय, आनी तुम्ही मला इचारता? मी मिठागरवाला. माझ्या बापाला भरती समजायची, वार न्हाय समजायचा." तो स्वतःच हसला. मग गिऱ्हाइकाचं तोंड बघून हसू आवरलं. "तर म्हनाल्या, त्यांना नको विचारायला."

"असं म्हणाल्या?"

"आनी त्यांना सांगू पन नका, म्हनाल्या. आता मी सांगितलं ते तुम्ही नका सांगू. देऊ का दही?"

दही घेतलं. घ्यावंच लागलं. पिशवी बोटाला लावून शशिकांतराव गेटातून आत आले, आणि वर जायचं सोडून मधल्या जागेत, पारिजातकाशेजारच्या बाकावर बसले.

आता हे नीट बघू. अनसूया बाळारामला वार विचारते. याला दोनच रंग लागू शकतात. एक — ती माझी उत्तरं ताडून बघते. त्यांच्या कामातही तसंच असतं. एकच कागद दोन माणसांना देतात, एकमेकांना कळू न देता, आणि मग वरून कुणीतरी दोन्ही जुळवून बघतं. बाळाराम हा दुसरा माणूस. मला विचारण्याआधी ती बाहेरून खरा वार आणते. हे पटण्यासारखं होतं. हे अगदी तिच्या स्वभावाला धरून होतं, ती कोथिंबीरसुद्धा दोन ठिकाणी भाव काढून घेते.

आणि दुसरा...

दुसरा रंग लावायला त्यांचा हात उचलेना. पण विचार थांबत नव्हते, ते आपोआप मागे मागे चालले होते, एकेक वस्तू उचलून उलटी करून बघत. डबी लॅपटॉपशेजारी होती — पण टेबलाच्या त्या बाजूच्या खणात अनसूयाच्याही गोळ्या असतात, थायरॉइडची, साखरेची, ती संध्याकाळची बारीक पांढरी. माझी तर एकच, रक्तदाबाची, तिला सात कप्पे कशाला? आणि अभिनव म्हणाला, आपण जाऊन येऊ. आपण. कुणाला, हे तो म्हणालाच नव्हता. आणि त्या सोमवारी... संपदानं आतून विचारलं, आज वार काय आहे. बाबा असं ती म्हणाली नव्हती. नव्हतीच म्हणाली! हॉलमध्ये अनसूयाही होती. तिनं ज्याला विचारलं असेल त्यानं उत्तर द्यायच्या आत मी कॅनडातून गरजलो. मटार सोलायचा आवाज थांबला तो माझ्या गुरुवारनंतर थांबला, की त्या प्रश्नानंतरच थांबला होता?

म्हणजे पेपर दुसऱ्याचा होता आणि नापास मी झालो?

त्यांना जरा हसू आलं, आणि हसू येतंय याची भीती वाटली. काल भाजी काय केली होती. गॅसवाला येऊन गेला ना. मंद होणारे हात. तो परीक्षकाचा हात होता, की... ज्याला खरंच माहीत नसतं त्याचाही हात उत्तर येईपर्यंत तसाच मंद होत असेल. आज गुरुवार ना? सरळ सांगायला काय होतं? आणि मी म्हणालो, वाटेल तो धर.

समोर मुलं सायकली फिरवत होती. वॉचमन त्यांच्यावर हिंदीत ओरडत होता आणि मुलं त्याला गुजरातीत उत्तर देत होती. लिफ्टचं दार वाजलं, आणि अनसूयाबाई बाहेर आल्या. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, बाक दिसला, बाकावर नवरा दिसला, आणि त्या सावकाश येऊन त्याच्या शेजारी टेकल्या.

"खूप वेळ झाला म्हणून बघायला आले."

यालाही दोन रंग होते. शशिकांतरावांनी एकही लावला नाही.

"दही आणलंत?" त्यांचं लक्ष पिशवीकडे गेलं. "घरात आहे की."

"असू दे."

त्यांनी पुढे विचारलं नाही. अनसूयाबाईंच्या पदराला हळदीचा डाग होता, आणि तो आजचा की कालचा हे शशिकांतरावांना सांगता आलं नसतं. तेवढ्यात बी विंगमधली ममता, खांद्यावर जिमची पिशवी, लगबगीनं समोरून गेली आणि जाता जाता थांबली.

"आंटी! आज अपना भजन है ना? सात बजे?"

अनसूयाबाईंनी मान वर केली. क्षणभर काही झालं नाही. मग त्या छान हसल्या. "अगं, तू सेक्रेटरी, नि मला कसलं विचारतेस? तू बोलेगी वो दिन भजन!"

ममता खळखळून हसली. आणि शशिकांतरावांना ते हसणं ओळखीचं वाटलं. गिरगावातली ती खोली, ती खुर्ची, सगळे हसताहेत, आणि दादाही हसतोय, सगळ्यांच्या तोंडाकडे बघत, हसणं पुरेसं झालं का याचा अंदाज घेत...

"भजन कल है," ते म्हणाले. मग अजून स्पष्ट, ममताकडे बघून, पण शेजारी ऐकू जाईल अशा बेतानं, "आज तो बुधवार है ना. भजन गुरुवार को. कल."

"अरे हां! देखा, अंकल को सब याद रहता है!" ममता म्हणाली आणि गेली.

सगळं लक्षात असणाऱ्या त्या माणसानं तिच्या पाठीकडे पाहिलं. आठवडाभर ज्या प्रमाणपत्रासाठी जीव टाकला ते असं, चालता चालता, जिमच्या पिशवीवाल्या बाईनं दिलं, आणि त्याचं काय करावं त्यांना कळेना. त्यांनी शेजारी बघितलं नाही. कानानं ऐकलं.

"बुधवार," अनसूयाबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. मग लगेच, "हो, बुधवारच की."

तो आवाज सुटल्यासारखा होता. किंवा कुणीतरी उत्तरापुढे खूण करतं तेव्हा येतो तसा होता. शशिकांतराव दोन्ही बाजूंनी ऐकत राहिले. आणि त्या ऐकण्यातूनच, अगदी सावकाश, एक तिसरी गोष्ट वर आली — बुधवार तरी खरा का? तो पेपरवरचा होता, सकाळी घोकला होता, हो... पण क्लबच्या सभेच्या त्या कागदातही एक बुधवार होता. सभेची सूचना आधीच्या बुधवारी निघाली होती, तो त्यांनी पिवळा केला होता. ममता 'अरे हां' म्हणाली, पण तिला तर मुळात भजन आजच आहे असं वाटत होतं. मी आत्ता अनसूयाला दिला तो कुठला बुधवार? घरातला की कागदातला? तिनं तर तो लगेच घेतला, हातात काही ठेवावं आणि मूठ मिटावी तसा. चुकीचा असला तर आता दोघांचाही चुकीचा.

आणि गंमत अशी, की याची भीती जेवढी वाटायला हवी होती तेवढी वाटत नव्हती. शनिवार तसाच होता, लाल दोरा तसाच होता. फक्त तो कुणाच्या खिशावर शिवायचा हे आता त्यांना ठाऊक नव्हतं, आणि दुपारपर्यंत ज्या बाईला ते परीक्षक समजत होते ती आता बहुधा त्यांच्याच बाकावर बसली होती. तिला विचारावं? अगं, तुलाही का... नको. मग ती विनोद करील, आणि तो विनोद मला ऐकवणार नाही. मग आपणच सांगावं, सगळं, पहिल्यापासून, कॅनडातल्या बाईसकट — की अनसूया, मी घाबरलोय, आणि तू घाबरली असलीस तर आपण दोघं मिळून... एवढे शब्द त्यांनी जहाज कंपनीतसुद्धा कधी जुळवले नव्हते. ते तिच्याकडे वळले.

"अगं," ते म्हणाले.

"काय?"

"काही नाही, म्हणजे... मला तुला एक सांगायचंय."

"सांगा ना," अनसूयाबाई डोळ्यांवर आडवा हात धरून म्हणाल्या. "पण आधी जरा तिकडे सरका. ऊन येतंय माझ्या तोंडावर."